स्ट्रोकनंतरच्या उपचारात एरोबिक व्यायाम : तालुक्याच्या दवाखान्यात तो मोजून कसा द्यावा?

बोरीकाठ (फिजिओथेरपिस्ट, अमळनेर)

सर्वांना नमस्कार. अमळनेरला माझा लहानसा फिजिओथेरपी दवाखाना आहे. पॅरलल बार (धरून चालायचे दोन समांतर दांडे), एक स्टॅटिक सायकल, शोल्डर व्हील, चार पायऱ्यांचा लाकडी जिना आणि बाहेर लांब ओटा एवढेच साहित्य माझ्याकडे आहे. ट्रेडमिल नाही, आणि असती तरी विजेच्या भरवशावर ती चालवता आली नसती. लकव्याचे रुग्ण मात्र आसपासच्या गावांतून नियमित येतात.

गेल्या महिन्यात एका रुग्णाने मला विचारात पाडले. आपण त्यांना नाना म्हणू. वय ५८, कापूस पिकवणारे शेतकरी, गुठळीच्या स्ट्रोकला सहा महिने झालेले, डावी बाजू कमजोर. काठी घेऊन ते दवाखान्यात व्यवस्थित चालतात, पाऊल नीट पडते, आणि त्या पावलासाठी आम्ही दोघांनीही पुष्कळ मेहनत घेतलेली आहे. तरीही घरापासून वावरापर्यंत जायचे म्हटले की ते निम्म्या वाटेत बसतात. मला म्हणाले, "ताई, पाय चालस, पन दम पुरत नही."

त्या दिवशी मी त्यांच्या पाऊण तासाच्या सत्रात नाडी मोजत राहिले. बसून असताना ती ६६ होती. ताणाचे व्यायाम, तोल, उठबस, बारमधले चालणे हे सगळे मिळून ती ९० च्या वर जेमतेम चार मिनिटे राहिली. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात कॅनडातील मॅके-लायन्स आणि मॅक्रिडीस यांचा २००२ मधील अभ्यास वाचला होता. स्ट्रोकच्या रुग्णांच्या फिजिओथेरपी सत्रात हृदयाला खरा व्यायाम होईल इतकी नाडी सरासरी तीन मिनिटेसुद्धा राहत नाही, असे त्यांना आढळले होते. तेव्हा ती दुसऱ्या देशाची गोष्ट वाटली होती. आता तीच माझ्या वहीत लिहिलेली आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. नाना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोकेही कमी ठेवणारी गोळी, घेतात, त्यामुळे नाडीचे नेहमीचे गणित लागू पडते की नाही याची मला खात्री नाही. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी) झालेली नाही आणि काठी घेऊन ती नीट होणारही नाही. घरच्यांना एका डॉक्टरांनी "जास्त ताण देऊ नका" असे सांगितले होते, ते त्यांनी अगदी घट्ट धरून ठेवले आहे. आणि पाऊण तास आधीच भरलेला असताना त्यात हा एरोबिक, म्हणजे नाडी वाढती ठेवणारा सलग, व्यायाम बसवायचा कुठे? ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पांझरा (फिजिओथेरपिस्ट, धुळे)

ताई, तुम्ही नाडी मोजली हे फार महत्त्वाचे केले. आपल्याकडे औषधाची गोळी किती मिलिग्रॅमची हे केसपेपरवर लिहिले जाते, आणि व्यायामापुढे नुसते "चालणे" असे लिहून मोकळे होतात. मीही बरीच वर्षे तेच करत होतो.

आधी बीटा-ब्लॉकरचे गणित सांगतो, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होते. आपण सवयीने २२० मधून वय वजा करतो. नानांसाठी ते १६२ येते. त्यातून विश्रांतीची नाडी ६६ वजा केली की ९६ उरतात (हीच राखीव नाडी), त्याचे ४० ते ६० टक्के काढून पुन्हा ६६ मिळवले की लक्ष्य १०४ ते १२४ असे येते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी मात्र वेगळे सूत्र वापरतात : १६४ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे. नानांची कमाल नाडी त्यानुसार साधारण १२३ येते. म्हणजे पहिल्या गणिताने जे १२४ आपण "मध्यम व्यायाम" म्हणून मागितले असते, ती त्यांच्या हृदयाची जवळजवळ शेवटची हद्द ठरली असती. दुसऱ्या सूत्राने ४० टक्के म्हणजे ८९, ५० टक्के म्हणजे ९५ आणि ६० टक्के म्हणजे १००. पहिले तीन-चार आठवडे ८९ ते ९५ आणि त्यानंतर ९५ ते १००, असे मी ठेवले असते. तुमच्या वहीतल्या "९० च्या वर चार मिनिटे" या नोंदीचा अर्थही आता नीट लागतो : नानांना खरा व्यायाम त्या चार मिनिटांतच झाला.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या शिफारशीत राखीव नाडीच्या ४० ते ७० टक्के, आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटे असे प्रमाण आहे, आणि सलग जमत नसेल तर दिवसात १०-१० मिनिटांचे तुकडे चालतात, असेही म्हटले आहे. आपल्या भागातील रुग्णांना हे तुकडेच उपयोगी पडतात. मी सुरुवात दोन मिनिटे सायकल आणि एक मिनिट विश्रांती अशी करतो. वेळ आधी वाढवायचा आणि जोर नंतर, हा क्रम मी मोडत नाही. आठ आठवड्यांच्या आत फरक शोधू नये, असे माझे मत आहे.

नाडीच्या जोडीला बोर्ग यांची श्रमपट्टी, म्हणजे श्रम किती वाटतात ते आकड्यात सांगायची पट्टी, वापरावी. ती ६ ते २० आकड्यांची असते आणि आपल्याला ११ ते १४ हवे असतात. मात्र "हलके", "थोडे जड" हे शब्द शेतकऱ्याला तसे सांगून कळत नाहीत. मी त्यांना विचारतो, "हे अंगणात फिरण्यासारखे वाटते, भरलेली पिशवी घेऊन रस्त्याने चालण्यासारखे, नांगरलेल्या वावरातून चालण्यासारखे, की डोक्यावर पोते घेऊन बांध चढण्यासारखे?" नांगरलेले वावर म्हणजे १३ असे मी मनाशी धरलेले आहे. पोते म्हटले की थांबवतो.

तुमच्या सायकलचा वापर करा, पण कमजोर पाऊल पॅडलवरून घसरते, त्यासाठी टाच आणि चवडा दोन्ही क्रेप बँडेजने इंग्रजी आठच्या आकारात बांधावे. नुसता चवडा बांधला तर टाच उचलली जाते आणि पोटरी ताठरते. पहिल्या आठवड्यात ब्रेकचा पट्टा पूर्ण सैल ठेवावा. कमजोर हात मांडीवर सोडू नये, उशीवर ठेवावा, नाहीतर वीस मिनिटांत खांदा खाली ओढला जातो आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी दम लागल्याची नव्हे, खांदा दुखल्याची तक्रार घेऊन येतो. नाडी मोजताना बोटावरच्या यंत्रावर फार विसंबू नये. सायकलची मूठ आवळून धरली की त्याचे आकडे भलतेच येतात. थांबवून लगेच चांगल्या हाताच्या मनगटावर १५ सेकंद मोजून चारने गुणावे.

वेळेबद्दल : पाऊण तासात काही नवे घालायचे नाही, असलेले बदलायचे. तोल आणि नाजूक हालचाली आधी उरकाव्यात, कारण दमलेल्या माणसाचा तोल जातो. उठबस दहा-दहाच्या गटात थांबत थांबत न करता मोबाइलमधल्या ठोक्यावर सलग तीन मिनिटे घ्यावी. जिन्याची पहिली पायरी चढणे-उतरणे तसेच सलग. म्हणजे ताकदीचा व्यायामच दमाचाही होतो. निष्क्रिय ताणाचे व्यायाम, जे आपण रुग्णाला झोपवून पंधरा मिनिटे करतो, ते घरच्यांना शिकवून घरी सोपवावेत. त्या पंधरा मिनिटांचा मला स्वतःला अजूनही पश्चात्ताप होतो, कारण त्यात रुग्ण विश्रांती घेत होता आणि व्यायाम माझा होत होता.


मेहरूण (एमडी मेडिसिन, जळगाव)

मी डॉक्टरांच्या बाजूने लिहितो. "ताण देऊ नका" हे वाक्य आमच्याच तोंडून जाते, आणि पुष्कळदा डिस्चार्जच्या घाईत जाते. त्यात पहिल्या काही दिवसांपुरता अर्थ असतो, पण सहा महिन्यांनंतर नाही, हे सांगायचे राहून जाते. रुग्ण मग वर्षभर बाजेवर बसतो, आणि स्ट्रोकने जितके नेले नाही तितके ते बसणे नेते.

स्ट्रोकनंतरची कमाल ऑक्सिजन क्षमता, म्हणजे शरीर जोराच्या श्रमात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ते, वेगवेगळ्या अभ्यासांत किलोमागे मिनिटाला ८ ते २२ मिलिलिटर इतकी आढळलेली आहे, आणि स्वतंत्रपणे दिवस काढायला साधारण १५ ते १८ लागते असे मानतात. लकव्याच्या चालीला लागणारी ऊर्जाही निरोगी चालीपेक्षा बरीच जास्त, काही वेळा दुपटीपर्यंत असते. म्हणजे भांडे लहान झाले आहे आणि खर्च वाढला आहे. नाना वावराच्या वाटेत बसतात, त्याचे उत्तर बहुधा यातच आहे. "बहुधा" यासाठी म्हणतो की, दम लागणे प्रत्येक वेळी केवळ तंदुरुस्ती गेल्यामुळेच असते असे समजू नये. हिमोग्लोबिन, ईसीजी आणि शक्य असल्यास टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) एकदा पाहिलेच पाहिजे. मेंदूच्या रक्तवाहिन्या ज्यांच्या खराब असतात, त्यांच्या हृदयाच्याही अनेकदा असतात.

पांझरा सरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु काळाबद्दल एक सावधगिरी नोंदवतो. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत आणि वारंवार उठवून चालवण्याचा अव्हर्ट हा मोठा अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. २,१०४ रुग्णांत तीन महिन्यांनी पाहिले तर जास्त लवकर, जास्त प्रमाणात उठवलेल्यांची स्थिती उलट कमी चांगली निघाली. जर्मनीतील फिज-स्ट्रोक अभ्यासात (बीएमजे हे वैद्यकीय नियतकालिक, २०१९) स्ट्रोकनंतर ५ ते ४५ दिवसांच्या २०० रुग्णांना ट्रेडमिलवर एरोबिक व्यायाम दिला. शरीर सैल सोडण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांना चालण्याच्या वेगात विशेष फायदा झाला नाही, आणि गंभीर त्रासाच्या घटना त्यांच्यात अधिक होत्या. म्हणून पहिल्या आठवड्यांत नाडी विश्रांतीपेक्षा १० ते २० ने वर आणि श्रमपट्टीवर ११ पर्यंत, एवढेच मी मान्य करतो. नानांच्या स्ट्रोकला सहा महिने झाले आहेत. त्यांच्यासारख्या चालू शकणाऱ्या रुग्णांत मात्र फायद्याचा पुरावा चांगला आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) ७५ अभ्यास आणि ३,०१७ रुग्ण होते, आणि हृदय-फुप्फुसांच्या व्यायामाने चालणे व तोल सुधारून परावलंबित्व कमी होते, असे त्यात दिसले.

टीएमटी नसेल तर सहा मिनिटांची चाल, म्हणजे सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो ते, घ्यावी, त्याआधी आणि नंतर नाडी व रक्तदाब नोंदवावा, आणि सुरुवात खालच्या टोकाला करावी. बसलेल्या स्थितीत वरचा रक्तदाब १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, ही माझी स्वतःची मर्यादा आहे. व्यायाम वाढवला असताना वरचा दाब वाढण्याऐवजी १० ने खाली आला, तर ते मला वाढण्यापेक्षाही चिंतेचे वाटते. लगेच थांबवून कळवावे. नाडी अनियमित लागली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर आकडा सोडून श्रमपट्टीवरच चालावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर १०० च्या खाली असेल तर आधी खायला द्यावे. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातपायाची नवी कमजोरी यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आणि आपल्या जिल्ह्याचे ऊन विसरू नका. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण दुपारी रिक्षातून तुमच्याकडे येतो, तेव्हा तो व्यायामाआधीच सुकलेला असतो. त्या दोन महिन्यांत हे रुग्ण सकाळी आठच्या आत बोलवावेत.


भुसावळकर (रुग्णाचा मुलगा)

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तरी लिहितो, कारण घरच्यांच्या भीतीचा प्रश्न आला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, रेल्वेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना लकवा झाला. घरी परतल्यावर आईने त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. ती प्रेमानेच करत होती. चालायला उठले की ती काठीआधी खुर्ची पुढे करायची.

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला समजावण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी तिला घड्याळ आणि वही दिली, आणि नाडी मोजायला शिकवले. "काकू, आकडा ९६ च्या वर गेला की तुम्ही थांबवायचे, माझी परवानगी लागणार नाही," एवढेच त्या म्हणाल्या. थांबवायचा अधिकार हातात आल्यावर आईची भीती निम्मी झाली. आठ दिवसांनी तीच आप्पांना म्हणायला लागली की अजून ८८ च आहे, बसू नका.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बाईंनी सांगितले होते की चालताना दोन-चार शब्द बोलता आले पाहिजेत, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे जमले तर जोर कमी पडतो आहे. आप्पा गाणारे नव्हेत. ते गच्चीवर चालताना स्टेशने म्हणायचे : जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा. सुरुवातीला शिरसोलीलाच दम घ्यायचे. तीन महिन्यांनी त्याच चालीने एका श्वासात म्हसावद पार करू लागले, तेव्हा चाल वाढवली. त्यांची जीभ थोडी जड झाली होती, तिलाही त्याचा व्यायाम झाला असावा, असे मला वाटते. आज ते सकाळी एकटे दूध आणायला जातात.


सातपुडा (फिजिओथेरपिस्ट, नंदुरबार)

आमच्याकडचे दोन मुद्दे थोडक्यात मांडतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि त्या आजारात कमी वयातही स्ट्रोक येतो. तरुण रुग्ण समोर आला तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय एरोबिक व्यायाम सुरू करू नये. अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, भरपूर पाणी देऊन, अगदी हलका आणि विश्रांती घेत घेत व्यायाम द्यावा लागतो.

दुसरे म्हणजे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रुग्ण आठवड्यातून तीनदा येऊ शकत नाही, म्हणून आम्ही घरच्यांना शिकवून पाठवत होतो. भारतातील १४ रुग्णालयांत झालेला, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला अटेंड हा अभ्यास वाचला आणि थांबून विचार करावा लागला. १,२५० रुग्णांत घरच्यांकडून पुनर्वसन करून घेतल्याने नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. मी त्यातून घरच्यांना वगळायचे असा अर्थ काढत नाही. शिकवले आणि सोडून दिले, हे पुरत नाही, असा काढतो. आता पंधरा दिवसांतून एकदा बाजाराच्या दिवशी बोलावतो, सहा मिनिटांची चाल पुन्हा घेतो आणि पुढच्या पंधरा दिवसांचा आकडा बदलून देतो. आकडा बदलून मिळतो म्हणून माणसे परत येतात.


बोरीकाठ (फिजिओथेरपिस्ट, अमळनेर)

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला चार आठवडे घेतले, कारण काही करून मगच लिहावे असे वाटले.

नानांचा ईसीजी आणि हिमोग्लोबिन त्यांच्या डॉक्टरांकडून पाहून घेतले आणि व्यायामाची लेखी संमती घेतली. इको अजून झालेली नाही, पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे; तोपर्यंत ९५ च्या वर जायचे नाही असे ठरले. ओट्यावर १० मीटरवर दोन वीटकरी खुणा केल्या. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत नाना १६८ मीटर चालले. वळणे जास्त असल्याने हा आकडा लांब व्हरांड्यातल्या आकड्याशी जुळणार नाही, म्हणून पुढेही तोच ओटा वापरणार आहे.

सायकलची सुरुवात दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांनी केली. आता पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, म्हणजे ८९ ते ९५ या पट्ट्यात आठवड्यातून तीन दिवस साधारण पंधरा मिनिटे. भुसावळकर दादांचे वाचून नानांच्या सुनेला वही दिली. ती दहावी शिकलेली आहे आणि माझ्यापेक्षा नीटनेटके आकडे लिहिते. नानांना स्टेशने येत नाहीत, पण कानबाईच्या उत्सवातली गाणी सगळी पाठ आहेत. ती त्यांना सायकलवर म्हणता आली की सून पट्टा अर्धा फेरा आवळते.

काल नांगरलेल्या वावराबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आते वावर नही, सडक लागस." म्हणजे तोच जोर आता ११ वर आला आहे. मात्र एक तक्रार आहे. सायकलनंतर कमजोर बाजूचा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहतो. थांबवावे का?


पांझरा (फिजिओथेरपिस्ट, धुळे)

ताई, थांबवू नका, आधी सीट पहा. पॅडल अगदी खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला असला पाहिजे. आपल्याकडे रुग्णाला चढणे सोपे जावे म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग गुडघा प्रत्येक फेऱ्याला फार वाकतो. एक भोक वर करा, चढण्यासाठी बाजूला लाकडी पाटा ठेवा, आणि पट्टा आठवडाभर पूर्वीइतका सैल करून फेऱ्या तेवढ्याच ठेवा. सूज आली किंवा रात्री दुखले तर सायकल बंद करून ओट्यावरची चाल त्याच नाडीवर घ्या. सीट बदलल्यानंतर नाडी पुन्हा मोजा, कारण तोच वेग त्यांना आता हलका जाईल.